दुखण्याच्या सुईसोबत एव्हिल कशाला?

मुलचेऱ्यात आठवडी बाजाराच्या दिवशी कुठल्याही दवाखान्यात तासभर बसा. एक वाक्य तुम्हाला किमान दहा वेळा ऐकू येईल: "सुई देऊन द्या जी." बोलणारा मराठी असेल, माडिया असेल, तेलुगू किंवा बंगाली बोलणारा असेल, मागणी एकच. कंबर दुखते, सुई. रोवणी करून अंग मोडलं, सुई. ताप, सुई. आणि ही सुई बहुतेक वेळा एकटी नसते. एका अँप्युलमधून दुखण्याचं औषध ओढलं जातं, दुसऱ्या अँप्युलमधून एव्हिल, आणि दोन्ही एकाच सिरिंजमधून कमरेत. पेशंट विचारत नाही, देणारा सांगत नाही. घरी जाऊन माणूस चार तास गाढ झोपतो आणि उठल्यावर म्हणतो, "सुई लागू पडली."

मला या जोडीबद्दल भांडायचं आहे. दुखण्याचं औषध ट्रामाडॉल किंवा पेंटाझोसिन असेल, म्हणजे अफूच्या कुळातलं असेल, तर सोबत सवयीने एव्हिल किंवा फेनरगन देणं ही चूक आहे. एखाद्या वेळी गरज म्हणून नव्हे, सवय म्हणून दिलं जातं म्हणून चूक. आणि आपल्या भागात ती इतर ठिकाणांपेक्षा मोठी चूक आहे, कारण इथे सिकलसेल आहे, मण्यार आहे, मोहाची दारू आहे आणि पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते आहेत.

आधी एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एकोणीस वर्षांचा मुलगा, सिकलसेलचा पेशंट. ऑगस्टमध्ये रोवणीच्या पाण्यात दिवसभर उभा राहिला, रात्री मांड्या आणि पाठ ठणकायला लागली. त्याच्याकडे ट्रामाडॉलच्या गोळ्या होत्या, रीतसर लिहून दिलेल्या. त्याने एक घेतली, दोन तासांनी घाबरून दुसरी घेतली. अंगाला खाज सुटली. आईला वाटलं, गोळी बाधली. शेजारच्या गावातल्या "डॉक्टर"ला बोलावलं. त्याने दुखण्याचं एक इंजेक्शन दिलं आणि खाजेसाठी एव्हिल दिलं. मुलगा शांत झोपला. घरच्यांना हायसं वाटलं. पहाटे आजीला त्याचं घोरणं वेगळं वाटलं. घशात पाणी अडकल्यासारखं, आणि दोन घोरण्यांच्या मधे फार वेळ शांतता. तिने हलवलं, तो उठला नाही. आजीला झोप येत नव्हती म्हणून तो मुलगा आज जिवंत आहे. माझ्याकडे आणला तेव्हा ओठ काळपट निळे होते, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ७८ दिसत होते आणि मिनिटाला सात श्वास चालू होते.

या गोष्टीत कोणीही वाईट हेतूने काही केलं नाही. गोळी खरी होती, वेदना खरी होती, खाज खरी होती. प्रत्येक पायरी घरच्यांना पटेल अशीच होती.

आता शरीरात काय घडतं ते बघू. ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, कोडीन, मॉर्फिन ही औषधं मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक जागी बसतात आणि वेदनेचा निरोप मंद करतात. पण त्याच जातीच्या जागा मेंदूच्या देठातही असतात, जिथून श्वासाचा ताल चालतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र आपल्याला श्वास घ्यायला लावतं. अफूच्या कुळातलं औषध या केंद्राला सुस्त करतं. प्रमाणात घेतलं तर ही सुस्ती जाणवतही नाही. ट्रामाडॉल या बाबतीत मॉर्फिनपेक्षा सौम्य आहे, हे खरं. सौम्य आहे म्हणून निर्धास्त राहावं, हे मात्र खरं नाही.

एव्हिल म्हणजे फेनिरामिन, फेनरगन म्हणजे प्रोमेथाझिन. सर्दीच्या गोळीतलं सीपीएम म्हणजे क्लोरफेनिरामिन. खोकल्याच्या काही औषधांतलं डायफेनहायड्रामिन. ही सगळी जुन्या पिढीची ॲलर्जीविरोधी औषधं. ती रक्तातून मेंदूत सहज शिरतात. आपल्याला जागं ठेवण्याचं काम मेंदूत जी रसायनं करतात, त्यातलं एक हिस्टामिन. ही औषधं त्याचाच रस्ता अडवतात. म्हणून झोप येते. एकटं एव्हिल घेतलं तर माणूस पेंगतो, पण श्वास अडला तर जागा होतो. अफूच्या कुळातल्या औषधाने श्वास मंद केलेला असताना वरून एव्हिल दिलं, तर तो जागा होण्याची घंटाच कापडात गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. जीभ मागे पडते, घसा सैल पडतो, श्वास उथळ होतो, आणि उठवायला कोणी नसतं.

एवढंच नाही. दोन्ही औषधं आतडी सुस्त करतात, म्हणून बद्धकोष्ठता दुप्पट. दोन्ही लघवी अडवतात. साठीपुढच्या ज्या आजोबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांची लघवी एका सुईने पूर्ण बंद पडू शकते आणि मग नळी टाकायला अहेरी नाहीतर गडचिरोली गाठावं लागतं. ट्रामाडॉलने झटके येऊ शकतात, आणि जुन्या पिढीची ही ॲलर्जीची औषधंही झटक्यांचा उंबरठा खाली आणतात. म्हणजे मिरगीच्या पेशंटला ही जोडी देताना दहा वेळा विचार करायला हवा. आणखी एक गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. ट्रामाडॉलचा वेदनाशामक परिणाम बऱ्याच अंशी यकृतात त्याचं जे रूपांतर होतं त्यावर अवलंबून असतो. डायफेनहायड्रामिन नेमकं ते रूपांतर घडवणारं एन्झाइम अडवतं. म्हणजे खोकल्याचं औषध सोबत घेतलेल्या माणसाची वेदना कमी होण्याऐवजी झोपच वाढते. त्याला वाटतं गोळी लागू पडत नाही, तो दुसरी घेतो.

ही जोडी आली कुठून? प्रोमेथाझिन हे १९४०च्या दशकात फ्रान्समध्ये सापडलेलं औषध. तिथल्या नौदलाचे सर्जन आंरी लाबोरी यांनी १९५०च्या सुमारास पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचं मिश्रण शस्त्रक्रियेआधी वापरायला सुरुवात केली. ते जगभर गेलं. पुढे कित्येक दशकं बाळंतपणात पेथिडिन आणि फेनरगन ही जोडी दिली गेली, आणि आपल्याकडे पेथिडिनची जागा पेंटाझोसिनने घेतली. "फोर्टविन-फेनरगन" हे आपल्या वैद्यकीय कॉलेजांत एका दमात उच्चारलं जाणारं नाव आहे. मीही तसंच शिकलो, तसंच दिलं. सांगितलं जायचं की फेनरगन वेदनाशामकाची ताकद वाढवतं. पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बेलफास्टच्या मूर आणि डंडी यांनी तपासलं तेव्हा उलट दिसलं होतं: प्रोमेथाझिन दिल्यावर माणूस झोपाळू होतो, पण दाबाची वेदना त्याला आधीपेक्षा लवकर जाणवते. लहान मुलांना देण्याच्या त्या तिहेरी मिश्रणाबद्दल अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ साली फेरविचार करायला सांगितलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये असा सर्वांत कडक इशारा दिला, कारण मुलांचे श्वास थांबून मृत्यू झाले होते. २००९ मध्ये आणखी एक इशारा आला: हे औषध शिरेबाहेर किंवा धमनीत गेलं तर हाताला गँगरीन होऊ शकतं. आणि आपल्याकडे गावात ते कोण टोचतंय? कधीकधी बारावी पास माणूस.

आणखी एक इतिहास कमी लोकांना माहीत असतो. १९७०च्या दशकाच्या शेवटी शिकागो, सेंट लुइस अशा शहरांत नशेसाठी पेंटाझोसिनच्या गोळ्या आणि ट्रायपेलेनामिन नावाचं ॲलर्जीचं औषध कुटून, विरघळवून शिरेत घेतलं जायचं. ही नशा इतकी पसरली की १९८३ मध्ये कंपनीने पेंटाझोसिनच्या गोळीत नालोक्सोन मिसळून नवी गोळी आणली, म्हणजे टोचून घेतली तर नशा चढू नये. आपल्याकडेही सुईने नशा करणारे लोक ब्युप्रेनॉर्फिनमध्ये एव्हिल किंवा फेनरगन मिसळतात, हे व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. नशा करणाऱ्याला जी जोडी नशा वाढवते म्हणून हवी असते, तीच आपण कंबरदुखीच्या म्हातारीला देतो. कोडीन आणि क्लोरफेनिरामिन यांचं खोकल्याचं औषध हे या जोडीचं बाटलीतलं रूप. त्यावर सरकारने २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांसोबत बंदी आणली, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जून २०२३ मध्ये पुन्हा १४ मिश्रणांच्या यादीत त्याच्यावर बंदी आली. सरकारला बाटलीतली जोडी दिसते. सिरिंजमध्ये भरलेली जोडी दिसत नाही, कारण तिच्यावर लेबल नसतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "डॉक्टर, मग खाज येते तिचं काय?" रास्त प्रश्न आहे. अफूच्या कुळातल्या औषधांनी खाज येते, विशेषतः नाकाला, चेहऱ्याला, छातीला. मॉर्फिन आणि कोडीन त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन सोडतात, हे खरं. पण या खाजेचा मोठा भाग मज्जारज्जूतून येतो, हिस्टामिनशी त्याचा संबंध नसतो. म्हणून एव्हिलने ती पुष्कळदा थांबत नाही. माणूस झोपतो म्हणून खाजवत नाही इतकंच. नुसती खाज म्हणजे ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, धाप लागली, चक्कर येऊन घाम फुटला, तर ती ॲलर्जी. आणि ती जोरात असेल तर पहिलं औषध ॲड्रिनलिन, एव्हिल त्याच्या नंतर. नुसती खाज असेल तर गोळीचा डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, गार ओलं फडकं फिरवता येतं. गोळी द्यायचीच झाली तर फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनसारखी नव्या पिढीची, मेंदूत फारशी न शिरणारी गोळी डॉक्टर देऊ शकतात. सेट्रिझिन त्यांच्यापेक्षा थोडं जास्त झोप आणतं, पण एव्हिलइतकं नाही.

"आणि उलटी होते तिचं?" ट्रामाडॉलची सुई शिरेतून घाईने दिली की उलटी हमखास. सावकाश द्या, सलाइनमध्ये घालून द्या, निम्मी उलटी तिथेच कमी होते. गोळी जेवणानंतर घ्या. उलटीसाठी झोप न आणणारी औषधं आहेत.

तिसरा मुद्दा कोणी उघड बोलत नाही, पण खरं कारण तेच आहे: "झोपला की शांत होतो." पेशंट शांत, नातेवाईक शांत, देणारा शांत. झोप म्हणजे वेदना गेली असं सगळे धरून चालतात. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. सिकलसेलचं पोरगं पेंगत असतं आणि तरीही त्याच्या मांडीत आग पेटलेली असते; त्याला ओरडायची ताकद राहिलेली नसते, एवढंच.

सिकलसेलबद्दल इथे थांबून बोलायला हवं. विदर्भात हा आजार आहे हे १९५०च्या दशकापासून नोंदलेलं आहे. गोंड, माडिया, परधान, महार अशा अनेक समाजांत तो आहे. लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्या पलीकडचं हाड उपाशी पडून ठणकतं. हे दुखणं साधं नाही. ज्यांनी बाळंतपण आणि सिकलसेलचं दुखणं दोन्ही सोसलं आहे अशा बायका मला सांगतात की बाळंतपण परवडलं. यांना पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणं क्रूरपणा आहे. यांना ट्रामाडॉल लागतं, काहींना मॉर्फिनच लागतं, आणि ते वेळेवर, पुरेसं मिळायला हवं.

पण याच आजारात ऑक्सिजन कमी पडणं म्हणजे आगीत तेल. जास्त गुंगी आली की श्वास उथळ होतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे पेशी वाकतात, आणि छातीचा तो जीवघेणा प्रकार सुरू होतो ज्यात ताप, छातीत दुखणं आणि धाप एकत्र येतात. म्हणजे कंबर दुखते म्हणून दिलेली सुई, सोबतच्या एव्हिलमुळे, छाती बंद पडण्याचं निमित्त ठरू शकते. वेदनाशामक हवं, गुंगी नको. दवाखान्यात असाल तर जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला सांगतात, ते याचसाठी. गुंगीत असलेला माणूस दहा खोल श्वास घेईल कसा?

दुसऱ्या टोकाला काही सुशिक्षित डॉक्टर आहेत. तेही माझ्या रागातून सुटत नाहीत. सिकलसेलचा पेशंट महिन्यात दुसऱ्यांदा आला आणि नाव घेऊन ट्रामाडॉल मागितलं, की कपाळावर आठी: "सवय लागलीय याला." मधुमेहाचा पेशंट इन्सुलिनचं नाव घेतो तेव्हा कोणाला संशय येत नाही. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, आणि आपला देश कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने घातलेले अडथळे कमी करायला २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं त्यामुळे सोपं झालं. तरी आमच्याकडच्या पेशंटला ती गोळी मिळायची तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं. मग तो जिथे मिळेल तिथे जातो. बोगस डॉक्टरची जोडसुई ही आमच्या नाकारण्याची दुसरी बाजू आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, २०४७ हे लक्ष्य ठेवलं. चांगलं आहे. पण तपासणीच्या आकड्यांची जितकी चर्चा होते, तितकी "रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर या पोराला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही" याची होत नाही. कार्ड देता, तर त्याच्या मागच्या बाजूला हे लिहा ना.

मण्यारीचं राहिलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा पुष्कळदा त्याला कळतही नाही; दात बारीक, सूज नाही. पहाटे पोट दुखायला लागतं. पोटदुखी म्हणून सुई दिली जाते, सोबत एव्हिल. तासाभराने पापण्या जड होतात, जीभ जड होते. घरचे म्हणतात, सुईची गुंगी आहे, झोपू द्या. ती गुंगी नसते, विषाने स्नायू लुळे पडत असतात, आणि पुढचा नंबर श्वासाच्या स्नायूंचा असतो. जोडसुईने इथे दोन गुन्हे केलेले असतात: श्वास आणखी मंद केला आणि निदान झाकून टाकलं. पावसाळ्यात पहाटे अचानक पोट दुखून पापण्या पडत असतील, तर सुईवाल्याकडे जाऊ नका. सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात जा.

आणि दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंग दुखतं म्हणून संध्याकाळी दोन ग्लास, झोप येत नाही म्हणून ट्रामाडॉल, शिंका येतात म्हणून सर्दीची गोळी. तीन साध्या गोष्टी, पण तिन्ही एकाच दिशेला ओढणाऱ्या. ज्या दिवशी दारू प्यालात त्या दिवशी ट्रामाडॉल नाही. हे लाजून लपवू नका, डॉक्टरला स्पष्ट सांगा. मी पोलीस नाही.

मग तुम्ही काय करायचं? सुई घेण्याआधी विचारा, "यात काय काय आहे?" अँप्युल हातात घ्या, मोबाइलवर फोटो काढा. देणारा चिडला तर उठून या. ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, कोडीन ही तिन्ही औषधं एच१ यादीत आहेत. २०१४ पासून मेडिकलवाल्याने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तुमचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. एव्हिलवर्गीय औषधांच्या वेष्टणावर देखील डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे अशी सूचना असते. ती इतकी बारीक छापतात की आमच्या वयाच्या माणसाला दिसत नाही, हा भाग वेगळा.

घरी ट्रामाडॉल चालू असेल तर दोन गोळ्यांतलं अंतर डॉक्टरने सांगितलं तेवढंच ठेवा, आणि वेळ कॅलेंडरवर लिहा. वेदनेत वेळेचं भान राहत नाही, त्या मुलालाही राहिलं नव्हतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल, वय जास्त असेल, तर मर्यादा त्याहून बरीच खाली. बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रामाडॉल आणि कोडीन नको, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही नको. काही जणांचं यकृत या औषधांचं रूपांतर फार वेगाने करतं आणि लहान जीवाला ते झेपत नाही. तुमची गोळी मुलाला "अर्धी" देऊ नका. सर्दी झाली तर मेडिकलवाल्याला आधी सांगा की ट्रामाडॉल चालू आहे, सीपीएम नसलेलं काही द्या, नाहीतर नुसती वाफ घ्या. झोपेच्या गोळ्या सोबत नकोत. पहिल्या काही दिवसांत मोटरसायकल चालवू नका. रात्रीच्या जंगलाच्या रस्त्यावर तर नाहीच. आणि कित्येक आठवडे रोज घेत असाल तर एकदम थांबवूही नका, हळूहळू कमी करायचं असतं, ते डॉक्टरला विचारून करा.

रक्त चढवताना प्रतिक्रिया येऊ नये किंवा आली म्हणून एव्हिल दिलं जातं, आणि सिकलसेलच्या पेशंटला रक्त लागतंच. तेव्हा सिस्टरला आठवणीने सांगा: शेवटची ट्रामाडॉल किती वाजता घेतली. तिथे एव्हिल लागू शकतं, मी नाही म्हणत नाही. ऑपरेशनच्या खोलीत भूलतज्ज्ञ ही औषधं एकत्र देतात तेव्हाही माझी तक्रार नाही, कारण तिथे बोटाला मशीन लावलेलं असतं, ऑक्सिजन हाताशी असतो आणि एक माणूस फक्त श्वासाकडे बघत असतो. तुमच्या घरात खाटेवर यातलं काय असतं?

तरीही कोणाला जोडसुई लागलीच, तर पहिले सहा तास त्याला एकटं झोपू देऊ नका. कुशीवर झोपवा. दर अर्ध्या तासाने हाक मारा, आणि छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. बाराच्या खाली आले तर जागं करा, बसवा, बोलतं ठेवा. हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास दहाच्या खाली असतील, घोरण्यात घरघर आणि मधे लांब खंड असेल, ओठ किंवा नखं निळी पडत असतील, तर १०८ ला फोन करा आणि तोवर कुशीवरच ठेवा. लिंबूपाणी, कॉफी, मिठाचं पाणी काही तोंडात ओतू नका, ते फुफ्फुसात जाईल. दवाखान्यात नालोक्सोन नावाचं औषध असतं, ते अफूच्या कुळातल्या औषधाचा असर उतरवतं. ट्रामाडॉलवर ते अर्धवट चालतं, पेंटाझोसिनला जास्त मात्रा लागते, आणि एव्हिलवर ते चालतच नाही. म्हणून काय काय दिलं होतं ते सांगणं, रिकाम्या अँप्युल सोबत आणणं, जीव वाचवण्याइतकं महत्त्वाचं. त्या मुलाच्या आजीने त्या पदराला बांधून आणल्या होत्या. मी दिलेल्या नालोक्सोनने श्वास वाढले, पण तो नीट जागा व्हायला दुपार झाली. अँप्युल पाहिल्या नसत्या तर मी डोक्यात काही झालंय का म्हणून त्याला पुराच्या पाण्यातून सीटी स्कॅनला पाठवत बसलो असतो.

आता त्याच्या पाकिटात एक घडी केलेला कागद आहे, माझ्या अक्षरात: "सिकलसेल. दुखल्यास ट्रामाडॉल ५०, सहा तासांनी, पाणी भरपूर. एव्हिल, फेनरगन देऊ नये. श्वास मोजावे." गेल्या पावसाळ्यात पुन्हा दुखलं. नाल्याला पूर होता, आष्टीकडचा रस्ता बंद, माझ्यापर्यंत यायला वाट नव्हती, म्हणून त्याच "डॉक्टर"कडे नेलं. मुलाने कागद पुढे केला. तो म्हणे चिडला, "मला शिकवतो का रे?" पण एव्हिलची अँप्युल त्याने परत डब्यात ठेवली. आजी रात्रभर उशाशी बसून श्वास मोजत होती. मिनिटाला सोळा, सतरा, सोळा. सकाळी तिने नातवाला आंबील पाजली आणि पाणी ओसरल्यावर मला सांगायला आली.